चारशे तासांची गोष्ट

एखादी गोष्ट मोठ्याने वाचून संपवायला चारशे तासांहून अधिक वेळ लागतो असे कोणी सांगितले, तर आपल्यापैकी पुष्कळांना ती थट्टाच वाटेल. रोज नेमाने एक तास ऐकावी, तर वर्ष उलटून जावे आणि गोष्ट अजून चालूच असावी, एवढा हा पसारा. पण अशी गोष्ट आहे. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही ती अद्भुतरम्य कादंबरीमाला. तिचे चौदा खंड आहेत. पहिला १९९० साली निघाला आणि शेवटचा २०१३ साली. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या पतिपत्नींनी ती संपूर्ण वाचून ध्वनिमुद्रित केली आहे. पुरुषपात्रांच्या दृष्टीने सांगितलेली प्रकरणे पती वाचतो, स्त्रीपात्रांच्या दृष्टीने सांगितलेली पत्नी. आमच्या बेळगावात कॉलेजला जाणारी काही मुले बसच्या खिडकीशी बसून, कानांत इअरफोन अडकवून, ही किंवा असलीच एखादी कादंबरी महिनोन्‌महिने ऐकत असतात. घरी आल्यावर यांतलीच काही संगणकापुढे बसतात आणि राक्षस, चेटकिणी, तलवारबहाद्दर यांच्या खेळात रात्रीचे दोन वाजवतात.

शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, “सर, पोरगा पुस्तक हातात धरत नाही, नुसता ऐकतो, याला वाचन म्हणायचे का?” दुसरा प्रश्न नसतोच, ती तक्रार असते, आणि ती संगणकावरच्या खेळांविषयी असते. या दोन्ही बाबतींत ऐकीव माहितीवर मत देणे मला पसंत नाही. म्हणून गेल्या दोन वर्षांत सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी मी टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी अथपासून इतिपर्यंत ऐकली, जॉर्डनचे पहिले पाच खंड ऐकले, आणि माझ्या अभियंता पुतण्याशेजारी बसून त्याचा एक आवडता खेळ पाहिला, थोडासा खेळलोही. माझी मते पुढे मांडतो. ती सर्वांना पटतील असा आग्रह नाही.

प्रथम टोल्किनविषयी. ऑक्सफर्डचा हा भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्याची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत छापली गेली, परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे ती वाचून दाखवली जात होती. सी. एस. लुईस याच्या कॉलेजातील खोलीत गुरुवारी रात्री काही मित्र जमत, आणि टोल्किन नव्याने लिहिलेली प्रकरणे त्यांना ऐकवी. पुढे प्रकाशकांशी बोलणी फिसकटली, ग्रंथ छापला जाईल की नाही याची खात्री उरली नाही. अशा निराश मनःस्थितीत १९५२ च्या ऑगस्टमध्ये तो माल्व्हर्न येथे जॉर्ज सेयर या स्नेह्याकडे राहायला गेला. सेयरकडे ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. टोल्किनने असे यंत्र पूर्वी पाहिले नव्हते. त्याने विनोदाने म्हटले, यात एखादे भूत असेल तर ते आधी घालवले पाहिजे. आणि गॉथिक या मृत भाषेत ख्रिस्ती प्रार्थना म्हणून ती यंत्रात भरली. मग त्याने आपल्या पुस्तकांतील उतारे वाचले, गाणी म्हटली, आणि स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकताना त्याला हुरूप आला. आपले लिखाण कानाला चांगले लागते, हा दिलासा त्याला त्या यंत्राने दिला.

ही हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. ज्या कादंबऱ्यांना आज ‘श्राव्य पुस्तक’ म्हणून नवे रूप दिले असे आपण समजतो, त्यांचा पिंडच मुळी श्राव्य आहे. टोल्किनच्या ग्रंथात पद्ये पुष्कळ आहेत. छापील पुस्तक वाचणारे बहुतेक वाचक ती पद्ये ओलांडून पुढे जातात; आमच्याकडे नाही का, पोथीतला राजवंशांचा भाग आला की डोळे झरझर खाली उतरत! पण रॉब इंग्लिस या नटाने १९९० साली जे वाचन केले, त्यात तो सगळी पद्ये गाऊन दाखवतो. ते वाचन पन्नास तासांहून अधिक लांबीचे आहे. चालता चालता ती गाणी ओलांडून जाण्याची सोय नसते, आणि मग ध्यानात येते की हरवलेल्या राज्यांविषयीचा जो विषाद या कादंबरीत भरून राहिला आहे, तो गद्यापेक्षा त्या गाण्यांतच अधिक आहे.

जॉर्डनची गोष्ट याहून हृद्य आहे. २००७ साली हृदयाच्या एका दुर्मिळ विकाराने तो वारला तेव्हा माला अपुरी होती. अखेरच्या दिवसांत लिहिणे होईना, तेव्हा त्याने घरच्या माणसांना जवळ बसवून गोष्टीचा शेवट तोंडी सांगितला. त्याची पत्नी हॅरिएट हीच त्याच्या पुस्तकांची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली, आणि मागे राहिलेल्या टिपणांच्या व सांगितलेल्या मजकुराच्या आधारे त्याने शेवटचे तीन खंड लिहून काढले. या मालेच्या प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण काळचक्राच्या आणि वाऱ्याच्या जवळजवळ त्याच शब्दांनी सुरू होते. छापील पानावर ही पुनरुक्ती वाटते. ऐकताना मात्र कीर्तनातल्या नमनासारखे वाटते: बुवा उभे राहिले, झांज वाजली, आता सरसावून बसावे. काळ चक्राकार फिरतो, युगे येतात-जातात, तेच वीर पुन्हा जन्म घेतात, ही या कादंबरीची भूमिका तर आपल्या वाचकाला मुळीच परकी वाटणार नाही.

मधल्या खंडांत कथा रेंगाळते अशी तिच्या भक्तांचीही तक्रार आहे. असेल. पण ऐकणाऱ्याला रेंगाळणे फारसे बोचत नाही, कारण त्याचे हात मोकळे असतात. चातुर्मासात दुपारच्या वेळी ओसरीवर पोथी चाले तेव्हा ऐकणाऱ्या बायकांचे हात रिकामे नसत. कोणी वाती वळी, कोणी गहू निवडी. श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांनी महाराष्ट्रात आणि आमच्या या सीमेवरच्या मुलखात जो श्रोतृवर्ग मिळवला, त्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांना रामायण-भारत ठाऊक नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आणि लांबलचक अद्भुतकथा ऐकण्याची एक जुनी हकीकत तर आपल्याच मातीतली आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती आली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाकडे गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ पाठवली. ती पैशाची भाषेत होती आणि रक्ताने लिहिलेली होती. राजाने तिचा अव्हेर केला. गुणाढ्य रानात गेला, अग्निकुंड पेटवले, आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. रानातली जनावरे चरणे सोडून भोवती उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, वाळलेले मांस खाण्यात येते म्हणून. आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारधी म्हणाले, जनावरे काही खातच नाहीत, मग मांस वाळणार नाही तर काय! तेव्हा राजा धावत गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले. जगात कुठे श्राव्य पुस्तकांच्या पुरस्काराला नाव हवे असेल तर ते गुणाढ्याचे द्यावे, असे मी गमतीने म्हणतो.

आधुनिक श्राव्य पुस्तकाचा जन्म मात्र गमतीतून झालेला नाही. ते अंधांसाठी निघाले. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास आणि इंग्लंडात १९३५ साली अंधांकरिता ‘बोलकी पुस्तके’ तबकड्यांवर मिळू लागली. इंग्लंडातल्या चळवळीमागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची निकड होती. अमेरिकेतल्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचा मजकूर मावे; एका कादंबरीसाठी तबकड्यांची थप्पी लागे. मग फिती आल्या, चकत्या आल्या, आणि आता चारशे तासांची गोष्ट खिशातल्या फोनमध्ये मावते.

तर, ऐकणे म्हणजे वाचन का? माझे उत्तर असे: कथेपुरते होय, अक्षरापुरते नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह यांचा संस्कार डोळ्यांवाटेच व्हावा लागतो. युक्तिवादाचा ग्रंथही कानांनी पेलत नाही, कारण त्यात मागे वळून पाहावे लागते. पण कथानक, पात्रांचे स्वभाव, वाक्याची लय, शब्दसंपत्ती, आणि दीर्घकाळ एका गोष्टीशी निष्ठेने बांधून घेण्याची सवय ही कानांवाटे येते, आणि ही शेवटची सवय आजच्या मुलांत जितकी दुर्मिळ तितकीच मोलाची आहे. जो मुलगा अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती चाळण्याऐवजी पन्नास तास एका कथेबरोबर राहतो, त्याच्याबद्दल मला तरी काळजी वाटत नाही. दोन गोष्टींना मात्र माझा विरोध आहे. एक, वेग वाढवून ऐकणे. ही मुले दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात. निवेदकाने घेतलेला श्वास, वाक्यानंतरची विश्रांती हा वाचनाचाच भाग आहे. तो कापून काढायचा तर मग कथेचा सारांशच वाचावा. दुसरी गोष्ट, दहा नट, पार्श्वसंगीत, घोड्यांच्या टापा यांची गर्दी. ते नाटक होय, आणि नाटक म्हणून ते चांगलेही असेल. पण एकच माणूस शंभर माणसे उभी करतो तेव्हा ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनाने काही भरण्याची जागा उरते.

आता खेळांकडे वळू. ‘संगणकावरचे खेळ’ हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. पैसे लावून खेळायचे मोबाईलवरचे खेळ आणि कथाप्रधान खेळ यांना एकाच दावणीला बांधणे म्हणजे मटका आणि बुद्धिबळ यांना एक समजणे होय. पहिल्या प्रकारावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्यात पोळलेली घरे माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्या कायद्याबद्दल मला समाधान आहे. मी बोलतो आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी.

या प्रकाराचा मूळपुरुष १९७६ साली निर्माण झाला. विल क्राउदर नावाचा अमेरिकन संगणकतज्ज्ञ होता. त्याला गुहांत हिंडण्याचा छंद. केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेचे नकाशे करण्यात त्याचा सहभाग होता. घटस्फोटानंतर लहान मुली दुरावल्या. त्या भेटीला आल्या म्हणजे त्यांना रमवावे म्हणून त्याने त्या गुहेवर एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. तुम्ही कुठे आहात हे पडद्यावर शब्दांत उमटे, आणि तुम्ही दोन शब्दांत आज्ञा द्यायची. पुढच्या वर्षी डॉन वुड्स या तरुणाने त्यात भर घातली. तो टोल्किनचा चाहता होता. खेळणाऱ्याला गुहेचा नकाशा स्वतः कागदावर काढावा लागे. म्हणजे हा खेळ होता की वाचन?

पुतण्याचा खेळ ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा, पोलंडमध्ये तयार झालेला. तो प्रौढांसाठीच आहे, शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये, हे आधीच स्पष्ट करतो. त्याच्या मुळाशी आंद्झे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा आहेत. परदेशी व्यापाराच्या नोकरीत असलेल्या या गृहस्थाने १९८६ साली ‘फँटास्टिका’ मासिकाच्या कथास्पर्धेला एक कथा पाठवली. तिला तिसरे बक्षीस मिळाले. मासिकातल्या एका बक्षीसपात्र कथेतून पुढे कथासंग्रह, कादंबऱ्या आणि खेळांची मालिका निघाली. आणि २०११ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा वॉर्सात आले तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना जी भेट दिली, तीत या मालेतला दुसरा खेळ होता. दिवाळी अंकांच्या भाषेत वाढलेल्या आपण मंडळींनी या हकीकतीकडे थोडे निरखून पाहावे. (लेखकाने खेळाचे हक्क आरंभी ठोक रकमेला विकून टाकले होते, खेळ चालेल असे त्याला वाटलेच नव्हते, पुढे त्याने वाढीव मोबदला मागितला आणि २०१९ मध्ये कंपनीशी नवा करार झाला. लेखक आणि व्यवहार यांचे नाते सगळीकडे सारखेच!)

या खेळातला एक प्रसंग सांगतो. एका दारुड्या सरदाराची बायको आणि मुलगी नाहीशी झाली आहेत. त्यांचा शोध घ्यायचा. शोधता शोधता कळते की त्या याच माणसाच्या मारहाणीला कंटाळून गेल्या. पुढे एका टेकडीखाली झाडाच्या मुळांत कोंडलेला एक आत्मा भेटतो. त्याला सोडवावे की मारावे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सोडवले तर काही अनाथ मुले वाचतात, पण ती बायको जीवानिशी जाते आणि सरदार गळफास घेतो. मारले तर मुले नाहीशी होतात. बायको जगते, परंतु भ्रमिष्ट होऊन, आणि तो तिला उपचारांसाठी दूर घेऊन जातो. निर्णयाचे फळ लगेच दिसत नाही, पुष्कळ वेळाने समोर येते. माझा पुतण्या त्या रात्री म्हणाला, “काका, मी मागे जाऊन दुसरा निर्णय घेऊन पाहिला. तोही नको वाटला.” धर्मसंकट हा शब्द आम्ही वर्गात समजावतो, इतक्या परिणामकारकपणे समजावता आला आहे असे मला म्हणवत नाही.

मात्र याच खेळात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा असतो आणि त्यावर ठिपक्यांची वाट उमटलेली असते. खेळणारा रान पाहत नाही, ठिपके पाहतो. एवढी डोळ्यांचे पारणे फेडणारी सृष्टी कलावंतांनी निर्माण करायची आणि प्रवाशाने मान खाली घालून बाणामागे जायचे, ही मला उधळपट्टी वाटते. क्राउदरच्या शब्दांच्या गुहेत माणूस अधिक जागा राहत असावा. तलवारीच्या मारामारीविषयी मला फारसे म्हणायचे नाही. ती कुरुक्षेत्रावरही होती. खरा धोका आहे तो ज्यांना शेवटच नाही, आणि रोज हजेरी न लावल्यास नुकसान होईल अशी ज्यांची रचनाच आहे, अशा खेळांचा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या आहारी जाण्याला रोगांच्या यादीत स्थान दिले आहे; २०२२ पासून ती यादी अमलात आली. पण तिथेही कसोटी तासांची नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, हे साधारणपणे वर्षभर चालले तर तो विकार समजावा, असे तिचे म्हणणे आहे. पालकांनी घड्याळाकडे पाहण्याआधी या तीन गोष्टींकडे पाहावे.

आपल्याकडे काय आहे? पुण्यातल्या एका छोट्या मंडळीने, नॉडिंग हेड्स गेम्स यांनी, २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि तिची कथा सांगणारे कोण, तर दुर्गा आणि विष्णू! देवांच्या संवादातून माणसाची कथा सांगण्याची ही रीत थेट पुराणांतली. श्राव्य पुस्तकांत २०१७ साली स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने भारतात पाऊल टाकले तेव्हापासून मराठीही आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ची रचना पाहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे एकेक जण आपापल्या तोंडाने बोलतात. १९६७ सालची ही कादंबरी जणू वाचून दाखवण्यासाठीच लिहिली आहे. आणि आमच्या याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णी यांची ‘रमलखुणा’तली ‘इस्किलार’! तिला अभिनय करणारा आवाज नको. संथ, कोरडा, थोडा थकलेला आवाज हवा. तसा आवाज माझ्या ओळखीत एकच होता, आणि ते गुरुजी आता नाहीत.

हे सारे मी केवळ रसिकतेपोटी लिहीत नाही. आमच्या शाळेतल्या मुलांच्या घरी संगणक नाही. नववीतला एक मुलगा मात्र दुसऱ्याने खेळलेला खेळ फोनवर पाहत असे. हा मुलगा वर्गात परिच्छेद वाचताना ओळीओळीला अडखळतो. एकदा मी त्याला म्हटले, “त्या खेळातली गोष्ट सांग बघू.” तो वीस मिनिटे बोलला. नावे, घटनांचा क्रम, कोणी कोणाचा सूड का घेतला, एकही दुवा निसटला नाही. पण शब्द तोकडे पडत होते. “सर, त्याला तिथं एक क्वेस्ट मिळते... मग इन्व्हेंटरीत...” असे चालले होते. वर्गाला मी विचारले, याला मराठीत काय म्हणाल? मोहीम, कामगिरी, विडा उचलणे असे करता करता फळा भरला. इन्व्हेंटरीला एका मुलीने ‘पोतडी’ सुचवले आणि ते सर्वांना पसंत पडले. सीमेवरच्या मुलांच्या कानांवर घराबाहेर भरदार मराठी पडण्याचे प्रसंग आधीच थोडे. कीर्तने कमी झाली, ओसरीवरची पोथी तर बंदच पडली. ज्या वयात गोष्टीची भूक सर्वांत मोठी असते, त्या वयात ती भागवणारी अद्भुतकथा फक्त इंग्रजीतून मिळाली, तर वीरश्री, भय, प्रतिज्ञा, विश्वासघात यांचे शब्दही ही मुले इंग्रजीतूनच उचलणार. व्याकरणाच्या तासाने ही तूट भरून निघणार नाही.

म्हणून दर शनिवारी शेवटचा तास आम्ही मोठ्याने वाचण्यासाठी ठेवला आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या एका कादंबरीने सुरुवात केली. शिक्षक वाचतात, कधी वरच्या वर्गातली मुले वाचतात. तो नववीतला मुलगा अजून वाचायला उभा राहिलेला नाही. मागच्या शनिवारी कथा कुठे थांबली होती हे मात्र सर्वांआधी तोच सांगतो. यानंतर नाथमाधवांचे ‘वीरधवल’ घ्यावे असा विचार आहे. अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या या लेखकाची १९१३ सालची ही कादंबरी आमच्या वडिलांच्या पिढीने रात्र रात्र जागून वाचली होती. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीची मधली पाने गळाली आहेत. ज्या वाचकांच्या घरी धडधाकट प्रत असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. झेरॉक्स काढून प्रत सुखरूप परत करू.